पंचवीस डिसेंबरला क्लब उघडायचा कोणी?

नाताळ यंदा, म्हणजे २०२६ मध्ये, शुक्रवारी येतो आणि १ जानेवारीही शुक्रवारीच. दोन्ही वेळा सलग तीन दिवसांची सुट्टी. सदस्यांना पोहायला, खेळायला यायचंय. माळी, जीवरक्षक, मार्कर (कोर्टवर सदस्यांबरोबर खेळणारा कर्मचारी), शिपाई यांना घरी जायचंय. मुंबईतल्या जिमखान्यांमधून आणि क्रीडासंकुलांमधून या विषयावर आलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतले आहेत. उत्तरं क्लब-व्यवस्थापन, कामगार कायदा आणि तलाव-मैदान देखभाल या क्षेत्रांतल्या जाणकारांनी मिळून दिली आहेत.

आमच्याकडे ३४ कर्मचारी आहेत. वार्षिक सुट्ट्यांच्या यादीत नाताळ नाही, त्यामुळे ती सुट्टी आजवर दिलेली नाही. यंदा कर्मचाऱ्यांनी अर्ज दिलाय की २५ डिसेंबर ही सरकारी सुट्टी आहे, ती मिळालीच पाहिजे. आम्हाला ती द्यावी लागते का?
*— मानद सचिव, विलेपार्ले*

‘सरकारी सुट्टी’ या शब्दाने इथे घोळ होतो. राज्य सरकार दरवर्षी परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ (चेक-हुंडीचा कायदा) च्या कलम २५ खाली जी यादी काढतं, त्यात नाताळ असतो. त्या दिवशी बँका आणि सरकारी कचेऱ्या बंद राहतात. तुमच्या जिमखान्याला ती यादी आपोआप लागू होत नाही.

तुम्हाला बघायचाय तो महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७. त्यात कामगाराला वर्षाला आठ भरपगारी सणाच्या सुट्ट्या आहेत. चार ठरलेल्या: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. उरलेल्या चार कामाचं स्वरूप बघून मालक आणि कामगार यांनी आपसात ठरवायच्या, आणि त्या वर्ष सुरू व्हायच्या आधी ठरवायच्या. नाताळ या चारांत असेल तर तो हक्क आहे. नसेल तर नाही. सुट्टीच्या दिवशी कामावर बोलावलं तर दुप्पट पगार द्यावा लागतो.

तेव्हा कायद्यापुरतं उत्तर ‘यंदा बंधन नाही’ असं आहे. पण एक गोष्ट तपासा. तुमची चार सणांची यादी ठरली कशी? बहुतेक ठिकाणी मॅनेजर गेल्या वर्षीचा कागद काढतो, तारखा बदलतो आणि नोटीस बोर्डावर लावतो. कायद्याला ‘आपसात ठरवलेल्या’ सुट्ट्या हव्यात. कर्मचाऱ्यांच्या सह्या असलेला कागद नसेल, तर ‘यादीत नाही’ हे तुमचं म्हणणं लंगडं पडतं.

२०२७ ची यादी तरी नीट करा. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात प्रत्येक कर्मचाऱ्याला कोरी चिठ्ठी द्या, त्याला हवे ते चार सण लिहून घ्या, पेटीत टाका, सगळ्यांसमोर मोजा. सर्वाधिक मतांचे चार दिवस यादीत. त्यावर सेक्रेटरीची आणि कर्मचाऱ्यांच्या दोन-तीन प्रतिनिधींची सही, तारीख ३१ डिसेंबरच्या आतली. मतमोजणीत नाताळ मागे पडण्याची शक्यता जास्त, कारण गणपती, दसरा, दिवाळी, होळी पुढे असतात. म्हणूनच कायद्यातल्या आठ दिवसांच्या वर एक नववा दिवस द्यावा, घरच्या सणाची रजा म्हणून. ख्रिस्ती कर्मचारी ती नाताळला घेईल, मुसलमान ईदला, बिहारचा माळी छठला. खर्च किती? महिना १८,००० पगाराचे २६ ने भागून दिवसाला ६९२ रुपये होतात. ३४ माणसांचे वर्षाला साडेतेवीस हजारांच्या आसपास. एका वार्षिक स्पर्धेच्या मांडवाला याहून जास्त लागतात.

आणि यंदाचं? गेटवरचं रजिस्टर काढा. गेल्या तीन वर्षांत २५ डिसेंबरला तासागणिक किती सदस्य आले ते मोजा. सकाळी दोन-तीन तास गर्दी आणि मग शुकशुकाट असं चित्र दिसलं, तर ११ वाजता बंद करा. एक दिवसही बंद ठेवता येत नाही असं ज्या क्लबला वाटतं, तिथे सदस्य जास्त नसतात, कामाची माणसं कमी असतात.

आमचे एक ज्येष्ठ सदस्य म्हणतात, ‘क्लब म्हणजे सदस्यांचं घर. घराला कामगार कायदा लागत नाही. कोर्टाने तसं सांगितलंय.’ खरं आहे का?
*— समिती सदस्य, माटुंगा*

एके काळी खरं होतं. १९६०च्या दशकात सर्वोच्च न्यायालयाने आधी मद्रासच्या जिमखाना क्लबच्या आणि मग मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या खटल्यात म्हटलं होतं की सदस्यांचा क्लब हा ‘उद्योग’ नाही. १९७८ मध्ये बंगलोर पाणीपुरवठा खटल्यात सात न्यायमूर्तींच्या पीठाने ते निकाल मोडीत काढले. पगारी माणसं न ठेवता सदस्य स्वतःच चालवतात असे छोटे क्लबच तेवढे बाहेर ठेवले. तुमच्या सदस्यांची माहिती जवळपास पन्नास वर्षं जुनी आहे.

शिवाय तो सगळा वाद औद्योगिक तंट्यांचा होता, सुट्टीचा नव्हता. दुकाने व आस्थापना अधिनियमाच्या व्याख्येत नोंदणीकृत सोसायटी आणि ट्रस्ट येतात, नफ्यासाठी काम करत नसले तरी. तुमच्या नोंदणीच्या दाखल्यावर काय लिहिलंय ते एकदा वाचा, आणि तो दाखला समितीच्या बैठकीत फिरवा. कामगारसंख्येची मर्यादा मात्र ध्यानात ठेवा: २०१७ च्या मूळ कायद्यात ती दहा होती, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती वीस करायला मंजुरी दिली. ३४-४० माणसांच्या जिमखान्याला याने फरक पडत नाही. बारा-पंधरा माणसांच्या छोट्या क्लबने या बाबतीत सल्लागाराशी बोलून घ्यावं.

डिसेंबरमध्ये दर वर्षी निम्मा स्टाफ रजेवर. ख्रिस्ती फक्त चार आहेत, पण रजेचे अर्ज अठरा. पाळ्या लावायच्या कशा?
*— व्यवस्थापक, मुलुंड*

अठरा अर्जांचं कारण नाताळ नाही, किरकोळ रजा आहे. कायद्याप्रमाणे वर्षाला आठ किरकोळ रजा मिळतात, तिमाही हिशोबाने जमा होतात आणि ३१ डिसेंबरला उरलेल्या बुडतात. ज्याच्या पाच शिल्लक असतात तो त्या २२ तारखेपासून उडवायला लागतो. त्यात त्याची काय चूक? १ ऑक्टोबरला प्रत्येकाची शिल्लक रजा मस्टरशेजारी लावा आणि सांगा की तीनपेक्षा जास्त उरलेल्या नोव्हेंबरअखेर संपवायच्या. अर्जित रजेचं वेगळं आहे. ती ४५ दिवसांपर्यंत साठते, त्यामुळे तिच्यासाठी डिसेंबरात घाई करायचं कारण नाही, हेही माणसांना समजावून सांगा. एवढ्याने अठराचे आठ-दहा होतात.

मग पाळ्या. २४ डिसेंबर ते १ जानेवारी हे नऊ दिवस एकाच कागदावर घ्या, रोजच्या रोज पाळी लावू नका. जीवरक्षकांचं उदाहरण बघू, कारण तिथेच सगळं अडतं. पूल सकाळी ६ ते १० आणि संध्याकाळी ४ ते ८, दर सत्राला दोन जीवरक्षक. दिवसाला चार जागा, नऊ दिवसांच्या ३६. यातून २५ चा पूर्ण दिवस वजा (४), सोमवार २८ ची साप्ताहिक बंदी वजा (४), ३१ ची संध्याकाळ वजा (२), १ तारखेची सकाळ वजा (२). उरल्या २४. जीवरक्षक चार असतील तर प्रत्येकाला सहा. छान बसतं असं वाटतं, पण त्यातल्या वसईच्या माणसाला २४ ते २७ सलग सुट्टी द्यायचीय. २५ बंदच आहे, म्हणजे २४, २६ आणि २७ अशा तीन जागा रिकाम्या.

इथे मॅनेजर हमखास एक चूक करतो: उरलेल्या तिघांतल्या एकाला त्या दिवशी दोन्ही सत्रं देतो. ‘चार आणि चार आठच तास झाले की!’ झाले. पण माणूस पहाटे सहाला आला आणि रात्री आठला सुटला. मधले सहा तास तो घरी जाऊ शकत नाही, कारण तो राहतो नालासोपाऱ्याला. कायदा कामाच्या तासांबरोबर कामाचा विस्तारही मोजतो, म्हणजे दिवसातल्या पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंतचा वेळ. चौदा तास त्यात बसत नाहीत. आणि कायदा बाजूला ठेवला तरी चौदाव्या तासाला तो पाण्याकडे डोळे लावून बसलेला नसतो, मोबाइलकडे असतो.

दोनच मार्ग उरतात. २४, २६ आणि २७ ला एकच लांब सकाळचं सत्र ठेवा, नाहीतर तीन पाळ्यांपुरता प्रमाणपत्रधारक बदली जीवरक्षक आणा. पाळीला ८०० रुपये धरले तरी २,४०० होतात. त्या संध्याकाळी पूल बंद ठेवून जी कुरकुर ऐकावी लागेल तिच्यापेक्षा हे स्वस्त. बदली माणूस २० डिसेंबरच्या आत ठरवा आणि एका सत्राला नेहमीच्या माणसाबरोबर उभा करा. खोल बाजू कुठे सुरू होते, फ्लोट आणि दोर कुठे टांगलेत, पहिलाच फोन कोणाला करायचा, हे त्याला कळलं पाहिजे.

सुट्टी कोणाला पहिली? ज्याचा सण त्याला, यात चर्चा नको. २४ च्या संध्याकाळीही त्याला अडकवू नका. मध्यरात्रीची मिस्सा म्हणतात खरी, पण पुष्कळ पॅरिशमध्ये ती बरीच आधी सुरू होते. वांद्र्याहून वसई गाठून पुढे गावात रिक्षाने जायचं म्हणजे दीड-दोन तास मोडतात. चारची सुट्टी म्हणजे चारलाच. बाकीच्यांसाठी दोन गट करा: अ गटाला २५ ते २७ मध्ये सुट्टी आणि ३१-१ ला काम, ब गटाला उलट. पुढच्या वर्षी गट फिरवा. गेल्या वर्षी कोण कुठल्या गटात होता ते कुठेतरी लिहून ठेवा, कारण डिसेंबर आला की प्रत्येकाला आठवतं की मागच्या वेळी आपणच ३१ ला थांबलो होतो.

नाताळचे दोन दिवस पूल बंद ठेवायचं ठरतंय. मग पंप ऑपरेटरलाही दोन दिवस सुट्टी देऊन टाकू का? वीजही वाचेल.
*— क्रीडासंकुल सचिव, ठाणे*

नको. पूल पोहणाऱ्यांना बंद असतो, पाण्याला बंद नसतो.

तुमचा पूल २५ बाय १२.५ मीटरचा आणि सरासरी खोली दीड मीटर असेल, तर त्यात सुमारे ४ लाख ७० हजार लिटर पाणी आहे. उघड्या पुलात, पाण्यात स्टॅबिलायझर (क्लोरीनला उन्हापासून वाचवणारं रसायन) नसेल तर, कडक उन्हाचे दोन-तीन तास बहुतेक मोकळं, म्हणजे जंतू मारायला शिल्लक असलेलं, क्लोरीन उडवून लावायला पुरतात. मुंबईचा डिसेंबर म्हणजे काही हिवाळा नव्हे. पंपही बंद असेल तर डोस सगळीकडे पसरत नाही. भिंतीलगत, शिडीमागे, खोल कोपऱ्यात पाणी थांबतं आणि शेवाळ तिथून धरतं. हाताला बुळबुळीत लागायला लागलं की समजावं. त्याहून वाईट अवस्था वाळूच्या फिल्टरची होते. आत अडकलेला तेल-घाम-केसांचा गाळ क्लोरीनशिवाय तिथेच सडतो आणि २७ ला पंप सुरू केला की तो वास पुलात येतो. मग एक दिवस शॉक डोस (क्लोरीनचा एकदम मोठा डोस), एक दिवस वाट बघणं. दोन दिवसांची सुट्टी चार दिवसांची होते, तीही गर्दीच्या आठवड्यात.

ऑपरेटरला पूर्ण दिवस बसवायची मात्र गरज नाही. दिवसाला एक तास पुरतो. क्रम असा:

२४ ला रात्री शेवटचा माणूस बाहेर पडल्यावर तळ आणि भिंती घासून व्हॅक्यूम करावं. फिल्टरचा दाब स्वच्छ असतानाच्या दाबापेक्षा अर्ध्या किलोने किंवा जास्त वर गेला असेल, तर बॅकवॉश (पाणी उलटं सोडून फिल्टर धुणं): काचेतून पाणी स्वच्छ दिसेपर्यंत, साधारण तीन ते पाच मिनिटं, मग एक मिनिट रिन्स. मल्टिपोर्ट व्हॉल्व्हचा दांडा पंप चालू असताना फिरवू नये, आतली गॅसकेट फाटते. मग पीएच बघा, ७.२ ते ७.६ मध्ये हवा. मग क्लोरीन ३ पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत तीन भाग) न्या. एवढ्या पाण्यात १ पीपीएम वाढवायला ४७० ग्रॅम क्लोरीन लागतं, म्हणजे १० टक्क्यांचं ताजं हायपो (सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण) सुमारे ४.७ लिटर. पाण्यात १ पीपीएम शिल्लक असेल तर साडेनऊ लिटर. डोस अंधार पडल्यावरच, म्हणजे रात्रभर टिकतो. पंप रात्रभर चालू ठेवून सकाळी बंद केला तरी चालतं. टायमर असेल तर त्यासाठी माणूसही लागत नाही.

२५ ला संध्याकाळी सहाच्या सुमारास कोणीतरी तासभर यायचं: स्ट्रेनरची जाळी साफ, चाचणी, डोस, पंप सुरू. जाळीचं झाकण परत लावताना भांडं पाण्याने भरलेलं हवं. कोरडा पंप चालला की मेकॅनिकल सील जळतं, आणि सुट्टीत ते बदलून देणारा मिळत नाही. २६ लाही बंद असेल तर तेच परत. उघडायच्या दिवशी पहाटे पाचला चाचणी: मोकळं क्लोरीन १ ते ३ पीपीएममध्ये, पीएच ठीक आणि सर्वांत खोल जागचा तळ स्वच्छ दिसतोय, तरच गेट उघडायचं. चाचणीला डीपीडीच्या गोळ्या वापरा. पिवळे होणारे ओटीचे (ऑर्थोटोलिडिनचे) थेंब एकूण क्लोरीन दाखवतात, मोकळं नाही, आणि बंद पुलात नेमका तोच फरक महत्त्वाचा असतो.

हायपो २२ तारखेपर्यंत मागवून घ्या, पण महिन्याचा साठा करू नका. उकाड्यात त्याची ताकद उतरत जाते आणि दहा टक्के समजून टाकलेलं सहा टक्क्यांचं निघतं. हायपो किंवा ब्लीचिंग पावडर जिथे ठेवता तिथे पीएच उतरवायचं ॲसिड अजिबात नको. दोन्ही एकत्र सांडलं तर विषारी क्लोरीन वायू सुटतो, आणि सुट्टीच्या दिवशी खोलीत एकटाच माणूस असतो.

हा एक तास कोणाचा? ऑपरेटर ख्रिस्ती असेल तर २५ चा तास दुसऱ्याचा. दुसरा शिकलेला माणूस नसेल तर तो नोव्हेंबरातच तयार करा; सात-आठ दिवस बरोबर उभा राहिला की शिकतो. पंपाच्या खोलीच्या भिंतीवर वरचे आकडे तुमच्या पुलाच्या मापाने मराठीत आणि हिंदीत मोठ्या अक्षरांत लावा. आणि गेटला कुलूप. बंद पुलात रात्री उतरणारी मंडळी बाहेरची असतात असं नाही, सदस्यांची कॉलेजातली मुलंही असतात.

रविवारी, २७ ला टर्फवर सामना आहे. माळी म्हणतात २५ ला येणार नाही. खेळपट्टी बिघडेल?
*— क्रिकेट विभाग, कांदिवली*

जड काम आधी उरकलं असेल तर नाही. भरपूर पाणी २१-२२ ला. माती अंगठा दाबल्यावर दबते पण चिकटत नाही, अशी झाली की २३ आणि २४ ला रोलर, आधी हलका, मग जड. २५ ला खरं काम दोन खेपांचं आहे: सकाळी आठच्या आत कव्हर काढणं आणि सूर्य उतरल्यावर परत घालणं. रात्री दव पडतं म्हणून कव्हर लागतं. पण ते दिवसभर उन्हात तसंच राहिलं तर खाली वाफ धरते, माती घामेजते, गवत पिवळं पडतं, आणि रविवारी पहिल्या तासात चेंडू कुठे बसेल सांगता येत नाही. म्हणून ही दोन्ही कामं सुरक्षारक्षक किंवा आवारात राहणारी माणसं यांतल्या दोघांना सोपवा. कव्हर ओढायला दोन माणसं लागतात, एकाने ओढलं की ते खेळपट्टीवरून घासत जातं. २६ ला माळी परत येऊन गवत कापेल, शेवटचा रोलर देईल. त्याची मागणी रास्त आहे, द्या सुट्टी.

क्ले टेनिस कोर्ट मात्र रोज पाणी मागतं. एक दिवस कोरडं गेलं तर पृष्ठभाग भुसभुशीत होतो आणि २६ ला खेळणारे घसरतात. संध्याकाळचा एक फवारा पाइपने कोणीही मारू शकतो.

मी ठेकेदाराचा जीवरक्षक आहे. क्लब म्हणतो, ‘तुमची सुट्टी ठेकेदार बघेल.’ ठेकेदार म्हणतो, ‘क्लब उघडा आहे तर यावंच लागेल, नाहीतर दिवस कापीन.’ आम्हाला नाताळ नाहीच का?
*— वसई*

सणाच्या सुट्ट्या तुम्हालाही आहेत. फक्त तुमचा मालक ठेकेदार आहे, म्हणून त्याच्या आस्थापनेची आठ दिवसांची यादी मागा, लेखी. अर्ज दोन प्रतींत करा, एकीवर तारखेसह पोच घ्या. व्हॉट्सॲपवर पाठवला तर स्क्रीनशॉट ठेवा. नाताळ त्या यादीत असेल तर रजा कापता येणार नाही आणि कामावर बोलावलं तर दुप्पट द्यावे लागतील. यादीत नसेल तर तुमच्या शिल्लक रजेतून मागा. तिची नोंद हजेरीपत्रकात असायला हवी. तुमच्या हातात पगारपत्रक येत नसेल तर भांडण आधी त्याचं आहे.

क्लबलाही हात झटकता येत नाहीत. ठेकेदाराने पगार बुडवला तर मुख्य मालक म्हणून ती जबाबदारी क्लबवर येते. व्यवहाराची गोष्ट अशी की क्लबने पूल बंद ठेवला तर ठेकेदार त्या दिवसाचं बिल क्लबला लावत नाही आणि तुमचा दिवस कापतो. म्हणून समित्यांना सांगणं: ठेक्याच्या करारात एक ओळ घाला की क्लबने स्वतःहून बंद ठेवलेल्या दिवसांचे पैसे ठेकेदाराला मिळतील आणि त्याने ते कामगाराला द्यायचे. ही ओळ नसेल तर तुमची उदार सुट्टी सगळ्यांत कमी पगाराच्या माणसाच्या खिशातून जाते.

मी वर्षाची पूर्ण वर्गणी भरतो. माझ्या सुट्टीच्या दिवशीच जिम बंद, हे कसं?
*— एक सदस्य, वांद्रे*

वर्गणीत ३६५ दिवस लिहिलेले नसतात. तुमच्या क्लबच्या नियमावलीत बंदचे दिवस ठरवायचा अधिकार समितीला आहे का ते पाहा, बहुधा असतो. तुमची खरी तक्रार वेगळी असावी: नोटीस २४ ला संध्याकाळी लागली. ती रास्त आहे. समितीने नऊ दिवसांचं वेळापत्रक १० डिसेंबरपर्यंत लावावं, मेसेजनेही पाठवावं. जानेवारीच्या मॅरेथॉनची तयारी करणारे या आठवड्यात लांब धावतात; त्यांच्यासाठी २५ ला सकाळी ६ ते ९ चेंजिंग रूम आणि शॉवर उघडे ठेवले तरी पुष्कळ झालं. त्यासाठी एक शिपाई आणि एक सफाई कामगार लागतो, तीन तास, दुप्पट पैसे देऊन आणि आपखुशीने येणारा.

३१ च्या रात्री पार्टी आहे. रिसेप्शनवरच्या दोन्ही मुलींना रात्री एकपर्यंत थांबवायचंय.
*— एंटरटेनमेंट कमिटी, चेंबूर*

थांबवता येत नाही. त्यांना विचारावं लागतं. रात्री ९.३० नंतर सकाळी ७ पर्यंत महिला कर्मचाऱ्याला तिच्या संमतीशिवाय कामावर ठेवता येत नाही, आणि संमती असली तरी सुरक्षितता व घरापर्यंत पोचवायची सोय क्लबची. ‘स्पेशल लोकल असते की’ ही सोय नव्हे. गाडी आधी बुक करा, ड्रायव्हरचा नंबर त्यांच्या घरी कळवा. जादा तासांचे पैसे दुप्पट दराने. नाही म्हणाल्या तर पुरुष कर्मचारी बसवा आणि १ तारखेला त्याला सकाळची पाळी देऊ नका.

दिवाळीत आम्ही स्टाफला पोस्त देतो. नाताळात काही सदस्य वेगळा निधी जमवतात आणि आवडत्या वेटरलाच देतात. यावर उपाय?
*— खजिनदार, दादर*

वेटर दिसतो, पंपाच्या खोलीतला माणूस दिसत नाही. हाताने दिलेली बक्षिसी दिसणाऱ्यालाच मिळते. निधी एकाच खात्यात घ्या आणि हजेरीच्या दिवसांवर वाटा. समजा ३ लाख जमले आणि ठेक्याची माणसं धरून पन्नास जणांची वर्षभराची एकूण हजेरी १४,००० दिवस भरली. दिवसाला २१ रुपये ४३ पैसे पडतात. २९० दिवस आलेल्याला सहा हजार दोनशेच्या वर, चार महिन्यांपूर्वी लागलेल्या १०० दिवसांवाल्याला दोन हजार एकशे त्रेचाळीस. भरपगारी रजेचे आणि आजारपणाचे दिवस हजेरीतच धरा, नाहीतर आजारी पडलेला दोनदा मार खातो. पदानुसार वेगळे दर लावू नका. बोर्डावर निधीची एकूण रक्कम, एकूण दिवस आणि दर लावा. माणसागणिक आकडे लावायची गरज नाही, ज्याला शंका आहे तो मस्टर बघून गुणाकार करेल.

वाटप २० डिसेंबरच्या आत. नाताळची खरेदी, कुसवाडाचं (नाताळच्या फराळाचं) सामान, मुलांचे कपडे त्याआधीच होतात. २८ ला दिलेले पैसे नाताळाच्या कामाचे नाहीत. बँक २५ ला बंद असली तरी एनईएफटी सुट्टीच्या दिवशीही चालतं. ‘बँक बंद होती’ हे कारण २०१९ च्या डिसेंबरपासून उरलेलं नाही.